जत्रेच्या दिवसाचा पगार

(सांगलीत व्यापारी, वर्कशॉपवाले आणि दवाखाने चालवणाऱ्या मंडळींपुढे झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मंडळी, नमस्कार. हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळं आज मी हजेरीच्या अंगानंच बोलणार आहे. आपल्या भागातलं कुठलंही जुनं हजेरीपत्रक उघडून बघा. मार्गशीर्षात, पौषात, चैत्रात एखाद्या तारखेला एकाच गावच्या चार-पाच नावांपुढं ओळीनं खाडे पडलेले दिसतील. त्या दिवशी त्या गावची जत्रा असते. कारणाच्या रकान्यात मात्र पोटदुखी, ताप, पाहुण्यांकडं कार्य, असं काहीबाही लिहिलेलं असतं. ग्रामदैवताच्या पालखीला खांदा द्यायला निघालेल्या माणसाला तसं सांगायची सोय नसते. सांगितलं तर उत्तर ठरलेलं: 'जत्रा काय दर वर्षीच असते, माल आज जायला पाहिजे.' मग त्याचा रोज बुडतो आणि देवाच्या कामाला जाताना खोटं बोलावं लागलं याची बोच राहते ती वेगळीच. सरळ माणसाला आपण असं खोटं बोलायला लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्यानं आला, तेव्हा तो दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू झाला. त्यात वर्षाला आठ दिवसांच्या किरकोळ रजेखेरीज सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सुट्ट्या मालक आणि कामगारांनी, कामाचं स्वरूप आणि ठिकाण बघून, वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या आहेत. या 'आपसात' शब्दावर मी बोट ठेवते. कारखान्यांचं गणित वेगळं, तिथं स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची नियमावली, आणि युनियनबरोबरचे करार चालतात. पण दोन्हीकडं होतं एकच. डिसेंबर संपता संपता नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, आणि तो गेल्या वर्षीच्या कागदावरून नाहीतर मुंबई-पुण्याच्या हेड ऑफिसच्या यादीवरून उतरवलेला असतो. कामगाराला कुणी विचारलेलं नसतं.

मुंबईच्या यादीत बेंदूर, म्हणजे आपला बैलांचा सण, कुठून येणार? आपल्याकडं तर दोन बेंदूर. ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. जतच्या बाजूचा कामगार एक धरतो, इकडचा दुसरा. घरात बैलजोडी असेल त्याला त्या दिवशी शिंगं रंगवायला घरी असावंच लागतं. शिराळ्याच्या माणसाला नागपंचमी दिवाळीइतकी मोठी. गणेश चतुर्थीची सुट्टी बहुतेक जण देतात, पण तासगावचा रथ निघतो तो दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला. तासगावकर त्या दिवशी मशीनवर उभा असला तरी त्याचं चित्त रथाच्या दोरापाशी असतं. कडेगावचे उंच ताबूत मोहरमला निघतात आणि त्यांची सेवा हिंदू-मुसलमान मिळून करतात. मिरजेचा मीरासाहेबांचा उरूस आहे, आरेवाडीचा बिरोबा आहे, जतची यल्लमा आहे. गौरी जेवणाच्या दिवशी दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या सुनेची काय घालमेल होते, ते तिलाच ठाऊक. १४ एप्रिल सरकारी यादीत आहे, पण खाजगी दुकानातला मुलगा आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला जायला अर्धा दिवस मागतो, तोही मान खाली घालून. हे सगळे दिवस एका यादीत बसणार नाहीत, हे मला कळतं. त्याचा मार्ग पुढं सांगते.

सुट्टीचा हक्क आपल्याकडं कुणी ताटात वाढून दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. हे लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि जोतीरावांचं मूळ गाव आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं कटगुण. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता असं सांगितलं जातं. मला ते पटतं, कारण माणसाला सुट्टी नुसती पाठ टेकायला लागत नाही, आपल्या माणसांत जाऊन बसायलाही लागते.

पगारी रजा त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी आली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्या मुलाचं नाव दाखल झालं, ते बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारं विधेयक त्यांनी मांडलं. १९४५ च्या त्या कायद्यानं वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवसांची रजा मिळाली, आणि तीही पगार न कापता.

आता तुमच्या मनात खर्चाचा आकडा घोळत असेल, तर तो मांडूनच टाकू. महिना १५,००० पगार, २६ दिवसांनी भागला तर दिवसाचे सुमारे ५७७ रुपये. आपसात ठरवायच्या चार दिवसांचे २,३०८. वीस माणसं असतील तर वर्षाला साधारण ४६ हजार. रक्कम लहान नाही, वर्कशॉप चालवणाऱ्याला ती जाणवते. पण जत्रेदिवशी काय होतं तेही याच हिशेबात धरा. पाचजण न सांगता गेले की उरलेले पंधरा निम्म्या कामावर बसून असतात, पगार त्यांचा चालूच असतो आणि गाडी भरायची राहते. तीच तारीख जानेवारीतच माहीत असेल तर माल दोन दिवस आधी काढता येतो.

सगळं बंद ठेवता येत नाही अशी ठिकाणंही आहेत, आणि मिरजेला हे वेगळं सांगायला नको, कारण हे दवाखान्यांचं गाव आहे. एका दवाखान्यातलं ड्युटी रजिस्टर मी पाहिलेलं आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रपाळीपुढं दोन मुसलमान सिस्टर आणि एका ख्रिस्ती ब्रदरचं नाव, त्यांच्याच अक्षरात. ईदच्या आणि नाताळच्या पानावर बाकीच्यांची नावं. कुणी हुकूम सोडलेला नव्हता. फक्त त्यात एक उणीव होती. हे सगळं एकमेकींच्या भिडेवर चाललेलं, रजा म्हणून कुठंच नोंद नाही. नवीन मेट्रन आली की मोडायचं. ते कागदावर आणलं पाहिजे.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज एका लांब यादीतून आपल्या पसंतीच्या दोन सुट्ट्या निवडता येतात. आपणही तसंच करावं. आपसात ठरवायच्या चारपैकी दोन दिवस सगळ्यांचे एक ठेवा, दिवाळी आणि गणपतीवर कुणाचं दुमत होणार नाही. उरलेले दोन ज्याचे त्यानं निवडावेत, म्हणजे कुणी उरूस घेईल, कुणी बेंदूर, कुणी १४ एप्रिल, कुणी गुड फ्रायडे. ईद चंद्रावर ठरते, म्हणून यादीत तारखेऐवजी सणाचं नाव लिहा. जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, पण त्या राज्य सरकारच्या कार्यालयांना. आपल्या वर्कशॉपला त्यांची वाट बघायचं कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. सुट्टी जाहीर केली आणि पगार दिला नाही, तर गरिबाला ती सुट्टी नको असते. तासगावकडं बेदाणा निवडायला बसणाऱ्या बायका रोजावर असतात. शेड सणाला बंद म्हणजे त्यांचा रोज गेला, आणि खर्च तर सणालाच जास्त. पुरणाची डाळ, गूळ, लेकीची साडी, सगळं त्याच आठवड्यात. ठेकेदाराकडून आलेल्या पोरांचं तेच. एकाच मशीनवर दोघं, एकाला दसऱ्याचा पगार, दुसऱ्याला नाही. ठेकेदाराशी करार करतानाच सणाच्या दिवसांचे पैसे त्यात धरा आणि ते पोरांच्या हातात पडले की नाही हे महिन्याच्या पगारपत्रकात स्वतः तपासा.

आणि विचारायचं कसं, तर चहाच्या सुट्टीत एक कोरा कागद फिरवा. सुपरवायझरच्या हातून नको, त्याच्यासमोर कुणी खरं लिहीत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला शेजारच्यानं मदत करावी. हे दिवाळी झाली की लगेच करा, म्हणजे नोव्हेंबरात सगळ्यांशी बसून बोलायला वेळ मिळेल आणि डिसेंबरात बोर्डावर लागणाऱ्या कागदावर तुमच्या सहीशेजारी कामगारांच्याही दोन सह्या असतील.