टकला गरुड आणि आमचे लाइट

नमस्कार मंडळी. 2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट, रात्रीचे साडेदहा वाजलेले, मी मोबाइल उशीला टेकवून बघत बसलेले आणि आई येऊन म्हणाली, "काय बघतेयस गं एवढं?" म्हटलं गरुड. ती वाकून बघते आणि म्हणते, "हा तर नुसता बसलाय!"

हो, नुसताच बसतो. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावाजवळ एका उंच पाइनच्या झाडावर, जमिनीपासून साधारण 145 फुटांवर, जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगल जोडीचं घरटं आहे, तिथे लाइव्ह कॅमेरा लावलाय. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ, म्हणून आपली रात्र वाया. आणि टकला वगैरे नाही हं तो, डोक्यावर चांगली पांढरी पिसं आहेत, नावावर जाऊ नका.

शॅडोची गंमत म्हणजे अंड्यांवर बसला की उठायचं नाव नाही, जॅकी येऊन शेजारी उभी राहते, ढकलते, तरी हा ढिम्म. मग उठला की लगेच एक काडी आणून तिच्याच अंगावर ठेवतो.

आता हे सगळं बघायला मिळतंय हीच मोठी गोष्ट. डीडीटी या कीटकनाशकामुळे या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवतानाच फुटायची, 1963 मध्ये अलास्का सोडून अमेरिकेत जेमतेम 417 जोड्या उरल्या होत्या. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2007 मध्ये पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. तरी या जोडीचं नशीब बघा, 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं एकही पिल्लू नाही. 2024 ला तर तीन अंडी, दिवस उलटून गेले तरी दोघं आळीपाळीने बसतच राहिली, बघवत नव्हतं.

2025 च्या मार्चमध्ये मात्र त्या वर्षीच्या तिन्ही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली! आई पण आता माझ्या शेजारी. मग बर्फाचं वादळ आलं, जॅकी पिल्लांवर पंख पसरून बसलेली, आणि ते सरल्यावर बघतो तर दोनच डोकी.

"अगं कोणी जाऊन झाकत का नाही?" आई चिडलीच. मी सांगितलं, जंगलातले पक्षी आहेत, माणसाने मध्ये पडायचं नसतं, विणीच्या काळात त्या भागात माणसांना जायलाच बंदी असते. "मग कॅमेरा कशाला लावला?" ह्याला मला काही उत्तर सुचलं नाही, अजून नाही.

उरलेल्या दोघांची नावं तिथल्या शाळकरी पोरांनी निवडली, सनी आणि गिझ्मो. आई त्यांना मोठं नि धाकटं म्हणायची. जूनच्या सुरुवातीला मोठं फांदीवर पंख झाडत होतं, आज उडणार, आज उडणार करत आम्ही रोज रात्री जागे, आणि नेमकं ज्या रात्री ते उडालं त्या रात्री इकडे वळवाचा पाऊस, लाइट गेले, वायफाय बंद. सकाळी रेकॉर्डिंग लावलं तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "राहू दे, रेकॉर्डिंगमध्ये काय मजा."