जन्मघराची पाटी

(दृश्य : बाणावली. माडांमागे टेकडीवरचं चर्च.)

घरावर लावायच्या संगमरवरी पाटीवर चार ओळी मावतात. नाव, जन्माचं साल, निधनाचं साल, आणि 'यांचा जन्म या घरात झाला'. पाहुणे ती वाचतात, फोटो काढतात आणि समुद्राच्या वाटेला लागतात. पण ते घर कुणाचं, हे पाटी सहसा सांगत नाही.

सांत (म्हणजे संत) जुझे वाझ, गोव्याचे कॅथलिक पाद्री. जन्म 21 एप्रिल 1651, गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या या बाणावलीत. आठव्या दिवशी इथल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ मात्र सांकवाळचे. बाणावली हे आई मारिया द मिरांडा यांचं माहेर. जुझे हे सहा भावंडांतलं तिसरं मूल, म्हणजे आई काही पहिलटकरीण नव्हती. तरीही बाळंतपण माहेरीच. धर्म बदलला, आडनावं बदलली, पण लेकीला बाळंतपणाला आणायची रीत गोव्यातल्या घरांनी सोडली नाही. म्हणून जन्मस्थान आजोळी आणि घराणं दुसऱ्या गावात.

(दृश्य : सांकवाळ. नोसा सिन्योरा द साउद चर्चचा उरलेला दर्शनी भाग.)

प्राथमिक शिक्षण सांकवाळला, लॅटिनसाठी पुन्हा बाणावली. दोन्ही गावांना 'आमचो जुझे' म्हणायचा हक्क आहे. त्यावरून थोडी ओढाताण झालीच, तर ती मला गोडच वाटते. सांकवाळच्या या चर्चचा फक्त दर्शनी भाग उरला आहे. बाकीचं 1834 च्या आगीत गेलं. जवळच आज वाझ यांचं तीर्थस्थान आहे.

आणि ते स्वतः? 1687 साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. तिथं किनाऱ्यावर डच राज्य होतं, कॅथलिक पाद्रींना बंदी होती. कँडीच्या राजाकडे गेले, तर हेर समजून कैदेत पडले. पुढं त्याच राजाचा विश्वास मिळवला. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच देह ठेवला. गोव्याला परतले नाहीत. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

(दृश्य : पणजी, जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा.)

हे आबे फारिया. संमोहनशास्त्रामुळे जगाला माहीत, पण होते पाद्री. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला हा पुतळा 1945 पासून इथं आहे. जन्म 31 मे 1756, कांदोळी. वडील कोलवाळचे. म्हणजे कांदोळी पुन्हा आईचं गाव! रोझा मारिया द सौझा त्यांचं नाव. नवरा-बायकोचं पटलं नाही. वडिलांनी पाद्रीपण पत्करलं आणि 1771 मध्ये मुलाला घेऊन लिस्बन गाठलं. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला मुलगा गांगरला, तेव्हा बापानं कोकणीतून हळूच 'कातर रे भाजी' (काप रे भाजी, म्हणजे समोरच्यांना नुसती भाजी समज) म्हणून धीर दिला, ही गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ आहे. आईची अशी एकही गोष्ट लोकांच्या तोंडी नाही.

(दृश्य : पेडणे तालुका, पालयेची वाट.)

सगळ्याच संतांना अशी पाटी चालत नाही. सोहिरोबानाथ आंबिये यांचं घराणं मूळचं पालयेचं. पुढं बांद्याला गेलं. कुलकर्णीपण करता करता इन्सुलीच्या वाटेवर त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी श्रद्धा आहे, आणि त्यांनी घरदारच सोडलं. आता पाटी कुठल्या दारावर ठोकायची? गोवा सरकारनं विर्नोड्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव दिलं, ते बरं केलं.

ज्यांची घरं दाखवता येतात, त्यांच्या पाटीवर मात्र पाचवी ओळ हवी. बाणावलीत : 'हे मारिया द मिरांडा यांचं माहेर.' कांदोळीत : 'हे रोझा मारिया द सौझा यांचं.' संगमरवर थोडा रुंद घ्यावा लागेल, एवढंच.