चिप वाचली, तर गाडी वाचली

(कोल्हापुरात गॅरेजचालक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, २०१९ चा ऑगस्ट इथे कुणीच विसरणार नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी तिच्या कितीतरी वर चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आणि पूर ओसरल्यावर उद्यमनगरात टो करून आणलेल्या गाड्यांची रांग लागली. तेल बदललं, वायरिंग वाळवलं, तरी अनेक गाड्या नुसत्या सेल्फ मारायच्या, स्टार्ट व्हायच्या नाहीत. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उघडला की आत हिरवट गंज. शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची डिझेल गाडी माझ्याकडे आली होती. ऊस पाण्यात गेलेला, त्यात नव्या ईसीएमचा खर्च ऐकून तो माणूस गप्पच बसला. त्या दिवसापासून माझं एक म्हणणं पक्कं झालं, तेच सांगायला मी आलोय. बोर्डावरचं बाकी सगळं गेलं तरी चालेल. तुरीच्या डाळीएवढी, आठ पायांची ती चिप वाचली, तर गाडी वाचली.

त्या चिपमध्ये असतं काय? ईसीएममध्ये दोन प्रकारची आठवण असते. एक फ्लॅश. तिच्यात इंजिन चालवण्याचा प्रोग्राम आणि मॅप असतात: किती दाबाला, किती आरपीएमला, किती डिझेल. बॉशच्या ईडीसी१५ या जुन्या डिझेल ईसीएममध्ये ही बहुधा २९एफ४०० नावाची चिप, ५१२ किलोबाइटची. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत तीच फाईल सापडते, म्हणजे ती गेली तर पुन्हा मिळू शकते. दुसरी ईईप्रॉम, २४, ९३ किंवा ९५ सिरीजची. ९३सी६६ म्हणजे अवघे ५१२ बाइट. पण इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, गुप्त कोड, चेसिस नंबर, इंजेक्टरचे कोड अशा त्या एका गाडीच्या गोष्टी बऱ्याचदा तिच्यातच असतात. दोन इंजेक्टर कधीच अगदी सारखं डिझेल फवारत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि फरकाचा कोड त्याच्या डोक्यावर छापला जातो. आपल्या नाशिकला बॉशच्या कारखान्यात हे नोझल आणि इंजेक्टर बनतात, तिथे काम केलेले कुणी असतील तर त्यांना हे माहीत आहे. ते ५१२ बाइट जगात दुसरीकडे कुठेही नसतात, असं धरूनच चिपला हात लावा.

आमच्या आधीच्या पिढीकडे २७सी५१२ ही चिप असायची, काचेच्या खिडकीची. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून पुसायची आणि मग नव्याने भरायची. ही जात डव्ह फ्रोहमन यांनी इंटेलमध्ये १९७१ मध्ये आणली. फ्लॅश आली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्याकडून, १९८४ मध्ये. त्या दिव्याने कामाला वेळ लागायचा, आणि त्या वेळात माणूस विचार करायचा. आता एका क्लिकमध्ये चिप पुसली जाते.

म्हणून लिहिण्याआधी वाचणं, म्हणजे चिपमधल्या डेटाची प्रत काढून ठेवणं. चिप वाचणं निरुपद्रवी आहे, असा आपल्यात मोठा गैरसमज आहे. तुम्ही बोर्डावरच चिपला क्लिप लावता आणि प्रोग्रामरमधून, म्हणजे चिप वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रातून, पाच व्होल्ट देता. ते पाच व्होल्ट फक्त चिपला जात नाहीत, त्याच रेषेवरून प्रोसेसरलाही जातात. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर बोलायला लागतो. मग स्क्रीनवर जे येतं ते चिपचं नसतं, दोघांच्या भांडणाचं असतं. ते कधी सगळं एफएफ, म्हणजे कोऱ्या चिपसारखं, दिसतं, आणि ते बरं, कारण चूक लगेच कळते. पण कधी निम्मं बरोबर आणि निम्मं चूक दिसतं, ते घातक. अशा वेळी प्रोसेसर रीसेटमध्ये धरून ठेवा, नाहीतर हॉट एअरने चिप उतरवा आणि बाहेर वाचा. मी तरी उतरवतोच.

९३ सिरीजची खोड वेगळी. तिच्या सहाव्या पायावर ठरतं की चिप आठ बिटांत बोलणार की सोळा. तुम्ही चुकीचं निवडलं तर बाइटच्या जोड्या उलट्या होतात. ओळखायचं कसं? डंपमध्ये, म्हणजे वाचून काढलेल्या फाईलमध्ये, चेसिस नंबर असेल तर तो शोधा. टाटाचा ‘एम ए टी’ ने सुरू होतो, मारुतीचा ‘एम ए ३’ ने. तिथे ‘ए एम’ दिसलं की जोड्या उलटल्या आहेत. ही खूण मला कुणी शिकवली नव्हती, एका रात्री आकडे बघत बसल्यावर सापडली. तुम्ही ती आजच वहीत लिहून ठेवा.

९५ सिरीजमध्ये याहून वाईट घडतं. ९५१६० ला पत्ता, म्हणजे चिपमधली कोणती जागा हवी ते, दोन बाइटांत द्यावा लागतो. तिचे पाय २५ सिरीजच्या फ्लॅशसारखेच, म्हणून मेनूतून चुकून फ्लॅश निवडली जाते, आणि फ्लॅशला पत्ता लागतो तीन बाइटांचा. वाचताना त्यामुळे पहिला बाइट हुकतो आणि सगळं एक घर सरकतं. पण त्याच सेटिंगवर लिहायला गेलात, तर पत्त्याचा तिसरा बाइट चिप डेटा समजते आणि मनात साठवते. तिच्यात आधी काय होतं ते मग कुठेच उरत नाही.

तीन वेळा वाचा. तिन्ही फाईल शेवटच्या बाइटपर्यंत जुळल्या, तरच ती फाईल. दोन जुळल्या आणि एक नाही, तर तुमच्याकडे अजून काहीच नाही.

लिहिण्याचं थोडक्यात सांगतो. ईईप्रॉममध्ये एकेक बाइट बदलता येतो. फ्लॅशमध्ये एकाचा शून्य करता येतो, पण शून्याचा एक करायला अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पुसल्यानंतर आणि भरण्याआधी लाईट गेली तर ब्लॉक रिकामा राहतो. लॅपटॉप चार्ज, सप्लाय यूपीएसवर, आणि गाडीत बसून ओबीडीवरून, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून, करत असाल तर बॅटरीला चार्जर, एवढं झाल्याशिवाय सुरुवात नाही. फाईल बदलली असेल तर चेकसम, म्हणजे फाईलच्या पडताळणीची बेरीज, नव्याने काढा, नाहीतर ईसीएम स्वतःचाच प्रोग्राम नाकारतो. ईडीसी१७ पासून फ्लॅश ट्रायकोर प्रोसेसरच्या पोटातच गेली, तिथे क्लिपचा उपयोग नाही, पण आधी वाचून ठेवायचा नियम तोच.

याच बाइटांमध्ये धूरही लिहिलेला असतो. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते धुरातले विषारी वायू कमी करणारा प्रोग्राम त्यांच्या डिझेल गाड्यांत होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने चाचण्या केल्या, आणि त्याच डिसेंबरात इथल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या. इंजिन तेच, गाडी तीच, फरक फक्त फाईलचा. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारा भाग, बंद करून द्या, मीटर मागे घेऊन द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईलच. मी ते काम करत नाही. मीटर मागे घेतलेली गाडी उद्या कुठल्यातरी कुटुंबाने साठवलेल्या पैशातून घेतलेली असते. आणि गाडीची कागदपत्रं व मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी इमोबिलायझरच्या डेटाला हात लावत नाही. ज्या हाताने पुरातली गाडी उभी राहते, त्याच हाताने चोरीचीही राहू शकते.

तर शिरोळची ती गाडी. चिपचा एक पाय गंजाने पार खाल्लेला, अंगालगत तुटलेला. बाजूचं काळं प्लास्टिक हळूहळू खरवडलं, आत टाचणीच्या टोकाएवढा धातू लागला, त्याला केसासारखी तार डकवली. पहिली दोन वाचनं जुळली नाहीत. आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुतलं, रात्रभर वाळवलं. सकाळी तीन वाचनं घेतली आणि तिन्ही जुळली. त्याच नंबरच्या जुन्या ईसीएममध्ये तो डंप आणि फ्लॅशची फाईल भरली, व्हेरिफाय केलं. गाडी त्यांच्या त्याच जुन्या चावीने स्टार्ट झाली. मूळ चिप मी जॉब कार्डला चिकटटेपने लावून ठेवली आहे, ती इथे आणलीय. पुढच्या टेबलावर या, बाजूचं प्लास्टिक कुठे खरवडलंय ते भिंगातून बघा, मग आपण तीच वाचायला घेऊ.