तापलेलं पान

[दृश्य: मंगळवेढ्याचं काळं रान. ज्वारी पोटरीत आलेली (कणीस अजून पानाच्या आवरणात), जमिनीला भेगा.]

दुपारचे दोन वाजलेत. सकाळी ऐसपैस पसरलेली पानं आता कडांनी आत वळून सुरळी झालीत. पिकाला ताण बसलाय, हे बांधावरूनही कळतं. पण पानाच्या आत त्याची सुरुवात कधीच झालेली असते.

रब्बीची मालदांडी ज्वारी पडत्या पावसावर नाही, तर पावसानं जमिनीत मागं ठेवलेल्या ओलीवर वाढते. दाणे भरेपर्यंत तेवढीच शिदोरी. ती कोणतं रोप कशी खर्च करतं?

[दृश्य: ज्वारीच्या रांगांवरून सरकणारे स्कॅनर.]

हैदराबादजवळ पाटनचेरूला, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत, लेझर स्कॅनर रोपांवरून फिरतात आणि पानांचा त्रिमितीय आकार टिपतात. खाली वजनकाटे. पान किती वाढलं, पाणी किती उडालं, दोन्ही कळतं. आणि रोप उपटावं लागत नाही. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगाव खुर्दला, पिकांवरच्या अजैविक ताणावर (दुष्काळ, उष्णता वगैरे) काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतही (स्थापना २००९) साध्या कॅमेऱ्याच्या जोडीला उष्णता टिपणारे अवरक्त कॅमेरे आहेत.

[दृश्य: पडद्यावर दोन रोपं, एक निळसर, एक लालभडक.]

हे रंग रोपाचे नाहीत, संगणकानं तापमानाला दिलेले आहेत. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, तसंच पानाचं. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, वाफ उडते तोवर पान गार. रंध्रं मिटली की ते तापतं. डोळ्यांना दोन्ही रोपं सारखीच हिरवी दिसतात.

साधा फोटो मात्र फसवतो. सुरळी झालेलं पान संगणकाला लहान झालेलं वाटतं! म्हणून फोटो रोज ठरावीक वेळी, वरून आणि बाजूंनी. शिवाय अधूनमधून काही रोपं कापून, पानं खरोखर मोजून पडताळा घ्यायचा.

[दृश्य: कॅमेरा लाल रोपावर स्थिरावतो.]

मग हे लाल रोप नापास? इतकं सोपं नाही. कोरड्या हवेच्या भर दुपारी रंध्रं आवळणारं रोप काटकसरीही असू शकतं. वाचवलेली ओल दाणे भरताना कामी येते. त्याची किंमतही असते : रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येणं घटतं, वाढ मंदावते. काटकसर की उपासमार, हे एका फोटोत दिसत नाही.

[दृश्य: तेच रोप, आता कणसासह. शेजारी रिकामा तराजू.]

म्हणून लाल रोपावर अजून फुली पडलेली नाही. कणीस वाळायचंय, दाणे तोलायचेत.