मासे निवडणाऱ्या बायका

[दृश्य: अलिबागजवळचं नवगाव. ओहोटी. वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या.]

निवेदन:
या किनाऱ्यावर कधीकाळी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. आपण त्यांचे वंशज, असं बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनवार तेली. हळूहळू हिब्रू विसरली आणि घरात मराठी रुळली.

मग दाविद राहबी नावाचा एक परका यहुदी कोकणात आला. तो कधी आला, यावर एकमत नाही. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतं, कुणी अठराव्या शतकात आणतं. शनिवार पाळणारे हे लोक खरंच आपल्यातले का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं.

[दृश्य: पाटीवर मासळी. एक हात एकेक मासा उलटसुलट करून बाजूला ठेवतो.]

बायकांनी मासळी निवडली. पर आणि खवले असलेले मासे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. का खात नाही, ते त्यांना सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. पण तोरातला, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातला, नियम नेमका हाच आहे: पाण्यातलं जे खायचं त्याला पर हवेत आणि खवले हवेत. पापलेट चालतं, रावस चालतो. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी चालत नाहीत. राहबीची खात्री पटली.

गोष्ट किती खरी, या वादात आपण पडायला नको. मला तिच्यातली एकच गोष्ट सोडवत नाही: परीक्षा अख्ख्या समाजाची होती, आणि ती दिली चुलीपुढच्या बायकांनी.

[दृश्य: मुंबई, मांडवी. सॅम्युएल स्ट्रीटवरचं जुनं प्रार्थनालय.]

आता मशिदीत चला. दचकू नका, बेने इस्रायल आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. १७९६ साली मांडवीत उभं राहिलेलं हे मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय. शेजारच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव यावरूनच पडलं, असं सांगतात.

सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. परंपरेप्रमाणे हे दहाही पुरुषच. नऊ पुरुष आणि वर सज्जात पन्नास बायका बसल्या असल्या, तरी दहावा पुरुष येईपर्यंत थांबायचं. तोरा वाचायला पुरुषालाच बोलावतात. रोज सकाळी पुरुष देवाचे आभार मानतो, मला बाई केलं नाहीस म्हणून. बाई म्हणते, तुझ्या इच्छेप्रमाणे मला घडवलंस म्हणून. याचं समर्थन करणारे सांगतात की वेळेशी बांधलेल्या बहुतेक विधींतून धर्मशास्त्रानं बाईला सूट दिली आहे, आणि पुरुष आभार मानतो ते जास्त कर्तव्यं वाट्याला आल्याबद्दल. असेल. पण वरच्या सज्जात बसून ऐकणाऱ्या बाईच्या कानाला ते कसं लागत असेल?

[दृश्य: शुक्रवार, दिवेलागण. काचेच्या पेल्यात तेल, त्यात वात.]

घरात मात्र शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, तिच्या हातानं सुरू होतो. सूर्य मावळायच्या आत ती दिवा लावते, आशीर्वाद म्हणते. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घरात विस्तव पेटवायचा नाही. म्हणजे दोन दिवसांचा स्वयंपाक शुक्रवारीच उरकायचा. मटण दुधात किंवा तुपात चालत नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. त्या सरबतावर घरातला पुरुष किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणतो. म्हणतो तो, कुस्करते ती. या समाजानं आपल्या सणांना दिलेली जुनी मराठी नावंच ऐका: नव्याचा सण, बिरड्याचा सण. पंचांग जणू स्वयंपाकघरात बसून लिहिलंय.

[दृश्य: केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. कडेनं रंगीत नक्षी.]

हा कागद बायकोच्या हक्काचा. नवऱ्यानं तिला अन्न-वस्त्र द्यायचं, आणि सोडलं किंवा तो वारला, तर ठरलेली रक्कम तिची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जगात ही लहान गोष्ट नव्हती. इसवी सन १०००च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्त्सच्या रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, गेर्शोम यांच्या नावे आणखी एक बंधन आलं: बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही. युरोपातल्या यहुद्यांनी ते मानलं.

पण सोडचिठ्ठी, म्हणजे गेट, द्यायची नवऱ्यानंच. त्यानं दिली नाही, तर ती अगुना: शब्दशः, जखडलेली. नवरा वर्षानुवर्षं बेपत्ता असला तरी तिला दुसरं लग्न करता येत नाही. केलंच, तर त्यातल्या मुलांवर डाग, आणि तो पुढच्या पिढ्यांवरही. इस्रायलमध्ये यहुद्यांची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयात चालतात. गेट अडवून धरणाऱ्या नवऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स रोखायची, त्याला तुरुंगात टाकायचीही सोय १९९५च्या कायद्यानं झाली. तरीही चिठ्ठी त्याच्याच हातून यावी लागते.

[दृश्य: जेरुसलेमचे रस्ते. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

आणि या चिठ्ठीनंच बेने इस्रायलांना गाठलं. १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला: बेने इस्रायल मुलामुलीनं दुसऱ्या यहुदी समाजात लग्न करायचं म्हटलं, तर आई, आजी, आणि शक्य तितकं मागे जाऊन चौकशी करा. शंका अशी, की कोकणात गेटचे नियम कुणाला ठाऊक होते? एखादी पणजी रीतसर सोडचिठ्ठीवाचून दुसऱ्या घरी नांदली नसेल कशावरून? गंमत बघा, धर्मशास्त्राची काही आडकाठी नसताना या समाजानं शेजाऱ्यांचं पाहून विधवेचं लग्नसुद्धा टाळलेलं. आणि संशय घेतला तो याच बायकांवर.

लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं, क्नेसेटनं, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात रब्बींनी आदेशातून त्यांचं नाव काढलं.

[दृश्य: मुंबईतलं कामा हॉस्पिटल.]

मागे राहिलेल्यांतही सगळ्या सज्जात बसून राहिल्या नव्हत्या. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या, १९२८ पासून जवळपास दोन दशकं त्यांनी कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनहून त्या डॉक्टरकीबरोबर उदारमतवादी यहुदी विचारही घेऊन आल्या. १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन सुरू झाली, तिच्यामागे त्या होत्या. जुन्या मशिदींना मानणाऱ्यांना हे फारसं रुचलं नाही, आणि बहुतेक समाज जुन्याच वाटेनं चालत राहिला.

[दृश्य: अश्दोद, इस्रायल. शुक्रवार दुपार. ओट्यावर मासा. एक आजी, शेजारी नात.]

आजी मासा हातात घेते. शेपटीकडून डोक्याकडे नख ओढते. नखाला खवला लागतो.
"हा घे," ती मराठीत म्हणते. नात हिब्रूत काहीतरी विचारते. आजी पुढचा मासा उचलते.