अजिंठ्याची नवी नक्कल

(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: लेणे क्रमांक १. अंधार. शटरचा आवाज, मग बराच वेळ शांतता, पुन्हा शटर.]

इथे लेण्याची आभासी सफर तयार होते आहे: फोटो जोडून बनवलेलं, पडद्यावर चहूकडे फिरून बघता येणारं लेणं. शटरचा हा आवाज आला की मंडपात जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. कॅमेऱ्याचा पडदा आता ३० सेकंद उघडा राहणार आहे. जमीन कातळाची, ती काही हलत नाही. पण माणूस हलला की सावली हलते, पायाखालची धूळ उडते, आणि ती धूळ दिव्याच्या झोतात आली की फोटोत धुकं दिसतं.

[दृश्य: उंचावरून वाघूर नदीचं वळण, नालेच्या आकाराचा कडा, लेण्यांची रांग.]

वाघूर नदीच्या वळणावर, एकाच कड्यात ३० लेणी. सगळ्यांत जुनी इसवी सनाच्या आधीची. चित्रांसाठी जग ज्यांना ओळखतं ती १, २, १६ आणि १७ ही लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोमवारी अजिंठा बंद असतो. आभासी सफरीच्या चित्रीकरणाला म्हणूनच हा वार सोयीचा.

[दृश्य: तिपाईचे पाय जवळून. रबरी टोप्या बसवणारे हात.]

तिपाई आत न्यायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. फ्लॅशला मनाई आहेच. तिपाईच्या पायांना लोखंडी टोकं नकोत, जाड रबर हवं. बॅगा खांबाला टेकवून ठेवायच्या नाहीत, कारण इथे नुसत्या भिंतीच रंगवलेल्या नाहीत. खांब आणि छतही रंगवलेलं आहे. आणि हा रंग दगडावर नाही, मातीच्या गिलाव्यावर आहे. त्या मातीत भाताचा तूस, गवत आणि शेण मिसळलेलं. वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा रंग मात्र इथला नाही. तो अफगाणिस्तानाकडून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा.

[दृश्य: कॅमेऱ्याचं डोकं, त्याखालची सरकती पट्टी. एक हात पट्टी मिलिमीटरने पुढे सरकवतो.]

सगळं काम या पट्टीवर अवलंबून आहे. एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर धरा आणि मान फिरवा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकताना दिसेल. कॅमेराही नुसता तिपाईवर फिरवला तर असंच होतं. पुढचा खांब मागच्या चित्रावरून सरकतो, आणि मग दोन फोटो एकमेकांना कधीच जुळत नाहीत. मोकळ्या मैदानात हे खपून जातं. इथे मंडपात २० खांब आहेत.

म्हणून कॅमेरा स्वतःभोवती न फिरवता भिंगातल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवायचा. तो बिंदू शोधायची रीत साधी. जवळच्या खांबाची कड आणि लांबच्या दाराची चौकट एका रेषेत आणायची. कॅमेरा डावीकडे वळवून पाहायचं, उजवीकडे वळवून पाहायचं. रेष फुटली तर पट्टी थोडी मागे किंवा पुढे घ्यायची. ती कुठेही फुटेनाशी झाली की स्क्रू घट्ट करायचा आणि तिथे खूण करून ठेवायची. भिंग बदललं की ही खूण निरुपयोगी.

[दृश्य: कॅमेरा ६० अंशांनी वळतो. सहा वेळा. मग वर. मग खाली.]

भिंग १५ मिलिमीटरचं फिशआय, म्हणजे एकदम खूप रुंद भाग टिपणारं. चहूबाजूंना सहा फोटो, छताचा एक, जमिनीचा एक. मिळून आठ दिशा. प्रत्येक दिशेला पाच फोटो: ३० सेकंदांचा, ८ चा, २ चा, अर्ध्या सेकंदाचा आणि एकाला आठ सेकंदाचा. इतका खटाटोप दारामुळे. दारात ऊन आहे आणि मागच्या ओवरीत काळोख, आणि हे दोन्ही एका फोटोत धरता येईल असा कॅमेरा नाही. अॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने पक्का केलेला. भिंगात कंप रोखणारी सोय असेल तर ती बंद. तिपाईवर तीच कंप निर्माण करते. लांब एक्स्पोजरमध्ये फोटोत येणारे भलतेच ठिपके, म्हणजे नॉइज, कमी करण्याची कॅमेऱ्यातली सोयही बंद, कारण ती प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ घेते. त्याऐवजी शेवटी भिंगाला झाकण लावून एक काळा फोटो काढून ठेवायचा. नॉइज नंतर त्यावरून वजा करता येतो.

एका जागेचे झाले ४० फोटो. ओसरी, दार, मंडपाचा मध्य, चार बाजूंच्या चार ओवऱ्या, अंतराळ म्हणजे गर्भगृहापुढची खोली, आणि गर्भगृह, अशा या लेण्यात नऊ जागा. म्हणजे ३६० फोटो, साधारण १० जीबी. सगळीकडे भिंगाची उंची एकच, १५० सेंटिमीटर. उंची बदलली की बघणाऱ्याला प्रत्येक पावलाला खड्ड्यात उतरल्यासारखं वाटतं.

[दृश्य: पद्मपाणी. आधी डावी बाजू निळसर, उजवी पिवळी. मग रंगपट्टी हातात धरलेली. मग दुरुस्त रंग.]

गर्भगृहाच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र. हातात निळं कमळ. चेहऱ्याच्या एका बाजूला दारातून आलेला दिवसाचा निळसर उजेड, दुसरीकडे दिव्याचा पिवळा. संगणकावर एक बाजू सुधारायला जावं तर दुसरी हिरवी पडते. यावर सॉफ्टवेअरमध्ये तोड नाही, ती जागेवरच काढावी लागते. दारावर काळं कापड धरायचं आणि एकाच जातीच्या, अतिनील किरण नसलेल्या एलईडी दिव्यांवर काम करायचं. रंग खरे दाखवण्याचा त्या दिव्याचा निर्देशांक ९५ च्या वर हवा. एरवी गेरूचे चार प्रकार एकच दिसतात. प्रत्येक भिंतीशी २४ चौकोनांच्या रंगपट्टीचा एक फोटो काढायचा. तो सफरीत कुठेच दिसत नाही. पण तो नसेल तर ५० वर्षांनी कुणी हे फोटो उघडून विचारलं, की हा तांबडा खरंच असा होता का, तर उत्तर देता येणार नाही.

‘रंगांना जरा उठाव द्या’ ही सफर बनवून घेणाऱ्यांची फर्माईश ठरलेली. ती मानू नये. चित्रं उजळ दिसावीत म्हणून या भिंतींवर एकदा व्हार्निश फासून झालं आहे.

[दृश्य: संगणकाचा पडदा. छताच्या चौकटी. जोडलेल्या चित्रात एका खांबाला दोन शिरं.]

पुढचं काम जोडणीचं. सॉफ्टवेअर दोन फोटोंतले सारखे ठिपके शोधतं आणि त्यांवरून फोटो बसवतं. अजिंठ्यात नेमकं इथेच अडतं. छतावर चौकटीच चौकटी. फूल, फळ, हंस, पुन्हा फूल. यंत्र या चौकटीतलं कमळ शेजारच्या चौकटीतल्या कमळाला जोडून मोकळं होतं, आणि खांबाला दोन शिरं फुटतात. मग ठिपके हाताने द्यावे लागतात. ते नक्षीवर द्यायचे नाहीत. गिलावा पडलेल्या जागा, भेगा, टवके यांवर द्यायचे. नक्षी पुन्हापुन्हा येते, भेग मात्र प्रत्येक वेगळी असते. पडझडीचा एवढा एकच उपयोग.

खाली तिपाईचे पाय दिसतात तिथे आपलं गोल बोधचिन्ह (लोगो) चिकटवायची पद्धत पडली आहे. करणाऱ्याचं नाव होतं, बघणाऱ्याची जमीन जाते. तिपाई हातभर सरकवून त्याच जमिनीचा आणखी एक फोटो घेतला की काम भागतं.

[दृश्य: पूर्ण गोल फिरणारं चित्र. मग पद्मपाणीच्या भुवईवर झूम, चित्र फुटतं.]

असं जोडलेलं चित्र सुमारे १५,७०० पिक्सेल रुंद आणि ७,८५० उंच होतं. मोठं वाटतं. पण पाच मीटरवरच्या भिंतीवर यातला एक पिक्सेल म्हणजे दोन मिलिमीटर, आणि पद्मपाणीच्या भुवईची रेघ त्यात मावत नाही. तिच्यासाठी ५० मिलिमीटरचं भिंग लावून दोन मीटरवरून वेगळे फोटो घ्यावे लागतात. तेव्हा पिक्सेल पाव मिलिमीटरवर येतो. चीनमध्ये गोबीच्या काठावर दुनह्वांगची बौद्ध गुहाचित्रं आहेत. तिथल्या संस्थेने २०१६ साली ३० गुहा इंटरनेटवर खुल्या केल्या, त्या इंचाला ३०० ठिपके या मापाने. म्हणजे पिक्सेल मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढा. आभासी सफर फिरण्यासाठी असते आणि नोंद अभ्यासासाठी. एकीच्या पैशात दुसरी उरकता येत नाही.

[दृश्य: लेणे क्रमांक १०. खांबावर कोरलेलं इंग्रजी नाव, डोक्याच्या वर.]

२८ एप्रिल १८१९. वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव या खांबावर कोरलं. आज ते इतक्या उंचावर दिसतं, कारण तेव्हा लेणं मातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता.

[दृश्य: जुनी कोरीव चित्रं. आगीचं चित्र.]

त्यानंतर नक्कल करणारे आले. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. वर्षानुवर्षं इथे राहून त्यांनी भिंतींची मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत मोजकी सोडून सगळी जळाली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा बसले. तेरा वर्षं काम चाललं. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, जिथे ही चित्रं ठेवली होती, आग लागली आणि त्यांतलीही बरीच चित्रं गेली. पुढे निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटणारा रंग लाखेच्या लेपाने धरून ठेवला. रंग टिकला, पण लेप पिवळा पडला. तो काढायचं काम रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षं पुरलं.

[दृश्य: संगणकावर राखाडी चौकोन. त्यात तुटक्या जोडणीची खूण.]

ही तिसरी आग. हिला धूर नाही. एकेकाळी आभासी सफरी सर्रास अडोबी कंपनीच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनत. ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि त्या सफरी उघडेनाशा झाल्या. शिक्षक ज्यांवर अवलंबून होते ती गूगलची एक्सपिडिशन्स आणि टूर क्रिएटर ही दोन साधनं ३० जून २०२१ ला बंद झाली. ज्यांनी आपले मूळ फोटो वेगळे ठेवले होते त्यांनी सफर पुन्हा बांधली. बाकीच्यांकडे पत्ता उरला.

[दृश्य: टेबलावर तीन हार्ड डिस्क. एकीवर चिकटपट्टी, तारीख लिहिणारा हात.]

म्हणून कॅमेऱ्यातले कच्चे फोटो पुसायचे नाहीत. जोडलेलं चित्र १६ बिटच्या टिफमध्ये, म्हणजे रंगांची बारीक माहिती न गाळणाऱ्या फाइलमध्ये, ठेवायचं. एका जागेचं पाऊण जीबी होतं, होऊ द्यावं. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: कोणतं लेणं, कोणती जागा, कोणतं भिंग, कोणता दिवा, किती वाजता. तिन्ही प्रती एका कपाटात नकोत, एक तरी दुसऱ्या गावात हवी. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बिघडली तर बदलणारा आकडा, काढून ठेवायचा आणि वर्षातून एकदा डिस्क लावून तो ताडून पाहायचा. नुसती ठेवलेली डिस्क गुपचूप मरते. सफर दाखवायला पॅनेलम किंवा मार्झिपानो यांसारखी खुली साधनं वापरायची, म्हणजे कुणा कंपनीच्या मर्जीवर दुकान चालत नाही.

[दृश्य: शाळेचा वर्ग. भिंतीवर प्रोजेक्टर. मुली माना वळवून छत बघतात.]

शाळेसाठी वेगळी प्रत लागते. ४,०९६ पिक्सेल रुंदीची, कारण जुने फोन यापेक्षा मोठं चित्र उघडतच नाहीत, काळा पडदा दाखवतात. नऊ जागांचं मिळून २५ एमबी, पेन ड्राइव्हवर सहज मावतं. पण फोल्डरमधली फाइल नुसती दोनदा दाबून उघडली तरी काळाच पडदा येतो, कारण ब्राउझर शेजारची चित्रं वाचू देत नाही. संगणकावर एक छोटा लोकल सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला फाइली पुरवणारा प्रोग्रॅम, आधी सुरू करावा लागतो. शिक्षकांच्या हाती पेन ड्राइव्ह देताना ही एक ओळ कागदावर लिहून दिली नाही, तर तो पेन ड्राइव्ह पुन्हा लागत नाही.

सगळ्या जागांची उत्तर दिशा एकच ठेवायची. नाहीतर दारातून आत पाऊल टाकावं आणि तोंड दाराकडेच वळलेलं असावं, असं होतं. मुलांना मळमळतं ते बहुतेक यामुळेच.

आणि सफरीत चित्रांना द्यायच्या नावांच्या पाट्या. सोळाव्या लेण्यातल्या चित्राला सगळे ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणतात. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी आहे. नवरा भिक्षू झाल्याचं कळून ती कोसळली आहे, असं अभ्यासक सांगतात. दोन्ही नावं द्यावीत, आणि मराठीत द्यावीत.

[दृश्य: गर्दीची रांग, चप्पलांचा ढीग. फर्दापूरच्या फाट्यावरची दुकानं, झपाट्याने.]

सफरीमुळे गर्दी घटते की वाढते, माणसांच्या श्वासाने येणारी दमट हवा कमी होते का, आणि या दुकानांचं काय, हे प्रश्न आहेतच.

[दृश्य: लेणे क्रमांक १, गर्भगृह. बुद्धमूर्ती. दिवा घेतलेला हात.]

या मूर्तीपाशी इथले गाइड एक गोष्ट हमखास दाखवतात. दिवा एका बाजूला नेला की चेहरा हसरा, दुसऱ्या बाजूला नेला की उदास, समोर धरला की शांत. एकाच उजेडात काढलेल्या सफरीत हे हरवतं. उपाय स्वस्त आहे. तिपाई जागची हलवायची नाही. दिवा तीन ठिकाणी धरायचा आणि तीनदा सगळे फोटो घ्यायचे. १२० फोटो होतात, चित्रं मात्र केसाइतकीही न सरकता एकमेकांवर बसतात. बघणाऱ्याने बोट फिरवलं की दिवा फिरतो.

[दृश्य: दिवा डावीकडे. समोर. उजवीकडे. निवेदन नाही, संगीत नाही. फक्त शटर. ४० सेकंद. काळा पडदा.]