हेडमास्तरांचं काय झालं?

मंडळी, अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद कशा झाल्या, हे सांगायला बहुतेक जण 17 मे 1954 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सुरुवात करतात. मी एक वर्ष मागे जातो. मार्च 1953, कॅन्सस राज्यातलं टोपेका शहर. तिथल्या शाळांच्या सुपरिंटेंडंटनी काही काळ्या शिक्षिकांना पत्रं पाठवली. मजकूर थोडक्यात असा: सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर गोऱ्या मुलांना शिकवायला निग्रो शिक्षक नेमणं गावातल्या बहुसंख्य लोकांना पटणार नाही, असं बोर्ड धरून चालणार आहे. तेव्हा पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं आत्ता काही सांगता येत नाही.

निकाल लागायला चौदा महिने होते. मुलं अजून एका बाकावर बसलेली नव्हती, आणि बाईंची नोकरी मात्र टांगणीला लागली होती.

खटला तुम्हाला ठाऊक असेल. ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ. याच टोपेकातल्या लिंडा ब्राउन या लहान मुलीला जवळची गोऱ्यांची शाळा सोडून लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावं लागायचं, म्हणून तिचे वडील ऑलिव्हर ब्राउन कोर्टात गेले. 1896 पासून ‘वेगळं पण समान’ हे सूत्र कायदा म्हणून चालत होतं. त्यातलं ‘वेगळं’ काटेकोर पाळलं जाई, ‘समान’चा कुणाला पत्ता नसे. काळ्यांच्या बाजूने वकील थर्गुड मार्शल यांनी युक्तिवाद केला, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत घडवलं, आणि वेगळेपणातच असमानता आहे असा निकाल आला. त्या निकालाचं मोठेपण मी कमी करत नाही. पण निकालपत्र वाचताना एक गोष्ट खटकते. शिक्षक त्यात येतात ते इमारती, अभ्यासक्रम यांच्या पंगतीला, पात्रता आणि पगार म्हणून. मुलं एकत्र आल्यावर या शिक्षकांनी जायचं कुठे, याबद्दल एक ओळ नाही.

आणि हे शिक्षक काही सुमार नव्हते. दक्षिणेतली राज्यं काळ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्यापीठात एम.ए.ला घेत नसत. खटला नको म्हणून त्याला पैसे देऊन दुसऱ्या राज्यात शिकायला पाठवत. त्यामुळे झालं काय, की आडगावच्या काळ्या शाळेतल्या बाई सुट्टीत न्यूयॉर्कला जाऊन कोलंबियाची पदवी घेऊन यायच्या. (कोलंबिया म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आठवणारच. ते तिथे होते 1913 ते 1916, म्हणजे पुष्कळच आधी.) शेजारच्या गोऱ्या शाळेतल्या मास्तरांकडे पुष्कळदा तेवढी पदवी नसे. काळ्या माणसाला मानाची आणि कायम पगाराची म्हणावी अशी जी दोन-तीन कामं होती, त्यातलं हे एक. बाई त्याच मोहल्ल्यात राहायच्या, रविवारी त्याच चर्चमध्ये भेटायच्या. पोरगं वर्गात दिसलं नाही, तर संध्याकाळी बाई दारात.

आता तुम्हाला व्हर्जिनियात नेतो. प्रिन्स एडवर्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), गाव फार्मव्हिल. तिथलं मोटन हायस्कूल बांधलं 180 मुलांसाठी, आणि 1951 साली त्यात साडेचारशेच्या वर मुलं कोंबलेली. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या होत्या. पावसात आतही छत्री उघडायची. थंडीत शेगडीजवळचं मूल भाजायचं आणि दाराशी बसलेलं कुडकुडायचं. बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी हे सगळं बघत होती.

23 एप्रिलला या पोरांनी काय केलं बघा. हेडमास्तर बॉइड जोन्स यांना फोन गेला: तुमच्या शाळेची मुलं बसस्टँडवर गोंधळात सापडली आहेत, ताबडतोब या. ते धावत गेले. इकडे प्रत्येक वर्गात चिठ्ठी पोहोचली, सगळ्यांनी सभागृहात जमा. खाली हेडमास्तरांच्या नावाचं आद्याक्षर. पडदा उघडला तर स्टेजवर बार्बरा. शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला.

मागणी काय होती? नवी, धड इमारत. गोऱ्यांच्या शेजारी बसायचंय असं ही मुलं म्हणत नव्हती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि म्हणाले, आम्ही आता इमारतीसाठी भांडत नाही. लढायचं तर वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायला लढू. सभा झाल्या, वाद झाले, आईबाप तयार झाले, खटला दाखल झाला. हाच खटला पुढे ब्राउनमध्ये सामील झालेल्या पाचांपैकी एक.

हेडमास्तरांना मुलांनी मुद्दाम अंधारात ठेवलं होतं, त्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून. तरी त्यांचा करार बोर्डाने पुढे चालू ठेवला नाही. ही सगळी 1954 च्या आधीची गोष्ट, लक्षात घ्या.

निकालानंतर काउंटीने चालढकल केली. 1955 मध्ये न्यायालयानेच ‘विचारपूर्वक, पण त्वरेने’ अशा अर्थाची भाषा वापरून पळवाट करून दिली होती. शेवटी 1959 मध्ये, आता टाळता येत नाही असं दिसल्यावर, काउंटीने सरकारी शाळाच बंद केल्या. सगळ्या. एक दोन महिने नाही, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी निघाली. काळ्या मुलांपैकी काही मामा-मावशीकडे दुसऱ्या काउंटीत गेली, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने परगावच्या घरांत ठेवलं, काही चर्चच्या तळघरात जमेल ते शिकली. पुष्कळ जण शेतावर कामाला लागले आणि पुन्हा शाळेत आलेच नाहीत. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दम भरला तेव्हा कुलपं निघाली.

लिटल रॉक, न्यू ऑर्लिन्स, तिथे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवणारे सैनिक आणि केंद्र सरकारचे पोलीस, ही चित्रं तुम्ही पाहिली असतील, त्यावर वेळ घालवत नाही. एक आकडा सांगतो. दक्षिणेत बहुसंख्य-गोऱ्या शाळेत शिकणारी काळी मुलं 1964 साली, निकालाला दहा वर्षं झाल्यावर, होती 2.3 टक्के. 1988 साली 43.5. मधल्या काळात नागरी हक्क कायदा आला. शाळा वेगळ्या ठेवाल तर केंद्राचा पैसा बंद, असं झाल्यावर दक्षिणेला एकदम समता सुचली.

त्याचा फायदा झाला का? झाला, आणि चांगला झाला. रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञाने अशा शाळांत शिकलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. ती जास्त शिकली, जास्त कमावती झाली, त्यांची तब्येतही बरी राहिली. गोऱ्या मुलांचं काही नुकसान झालं नाही. त्यामुळे ‘जुनं तेच बरं होतं’ असं कुणी म्हणालं, तर त्या डांबरी कागदाच्या खोल्या आठवा.

पण दोन शाळांची एक करताना इमारत ठेवली गेली ती गोऱ्यांची. बंद पडली काळ्यांची, किंवा तिचं हायस्कूलपण काढून घेतलं गेलं. शाळेचं नाव, गाणं, बँड, कपाटातल्या ढाली, सगळं गेलं. माजी विद्यार्थ्यांनी त्या ढाली कचऱ्यातून उचलून आणल्याच्या हकिगती आहेत. हेडमास्तरांना ‘असिस्टंट’ केलं गेलं, म्हणजे बसच्या रांगा बघायच्या आणि काळ्या मुलांना शिस्त लावायची. शिक्षकांना काढताना रंगाचं नाव घ्यावं लागत नसे. कुठे करार संपला म्हणायचं, कुठे अचानक परीक्षा लावायची, कुठे नोकरीला संरक्षण देणारा कायदाच रद्द. 1954 ते 1965 या काळात सतरा राज्यांत मिळून सुमारे 38,000 काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज दिला जातो. आज संशोधक सांगतात की प्राथमिक शाळेत एक तरी काळा शिक्षक लाभला, तर काळ्या मुलाची हायस्कूल पुरं करण्याची शक्यता वाढते. आता असे शिक्षक शोधायला मोहिमा काढतात!

उत्तरेची गोष्ट आणखी वेगळी. 1974 मध्ये बॉस्टनमध्ये कोर्टाने काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांमध्ये बसने मुलांची अदलाबदल करायला लावली आणि साउथ बॉस्टनमध्ये बसवर दगड पडले. त्यात भरडले गेले ते दोन्हीकडचे गरीब. उपनगरातल्या सुखवस्तू घरांच्या दारात बस गेलीच नाही. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की उपनगरांना या योजनेत ओढता येणार नाही. शहराची हद्द ओलांडली की सुटका. ब्राउन खटल्यातले वकील मार्शल तेव्हा स्वतः सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांनी विरोधी मत लिहिलं.

काळे विचारवंत डू बॉइस यांनी हे धोके फार आधी ओळखले होते. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली, तेच हे डू बॉइस. 1935 मध्येच ते म्हणाले होते, निग्रोला वेगळी शाळा हवी असंही नाही आणि मिश्र शाळा हवी असंही नाही, त्याला शिक्षण हवंय. त्यांच्यावर तेव्हा आपलीच माणसं रागावली होती.

फार्मव्हिलला आता त्या मोटन हायस्कूलचं संग्रहालय झालं आहे. 2003 च्या जूनमध्ये काउंटीने शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांना बोलावून हायस्कूलची प्रमाणपत्रं दिली. घेणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे होते. प्रमाणपत्रं मानद होती.